केमोच्या आधीचे पंधरा दिवस : प्रजननक्षमता जपणारी सेवा कशी पारखावी

कॅन्सरचं निदान झालेल्या तरुण माणसाची पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांशी गाठ पडते. सर्जन, केमो देणारे डॉक्टर, स्कॅन काढणारे, रक्त घेणारे, विम्याचे कागद बघणारे. 'पुढे कधी मूल हवं असेल का?' हा प्रश्न मात्र त्यांतल्या एकानेही विचारला नाही, असं अजूनही सर्रास घडतं. प्रश्न विचारला गेला, तर त्यानंतर जी सेवा सुरू होते तिचं हे परीक्षण आहे : शुक्राणू, स्त्रीबीजं, भ्रूण किंवा अंडाशयाचा तुकडा गोठवून ठेवण्याची सेवा. कुठल्याही एका केंद्राचं हे परीक्षण नाही. केंद्र कुठलंही असो, तिथे काय बघायचं, काय विचारायचं आणि कुठे घोळ होतो, ते सांगायचं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. गोठवण्याचं तंत्र आज भरवशाचं आहे. सेवा उघडी पडते ती वेळ गाठण्यात. म्हणून केंद्राची पारख करताना आम्ही पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो : निदान झाल्यापासून किती दिवसांत पेशंट त्यांच्यासमोर बसला. दोन दिवसांत भेट देणारं साधं केंद्र तीन आठवड्यांनी तारीख देणाऱ्या चकचकीत केंद्रापेक्षा केव्हाही बरं. कॅन्सरच्या पेशंटसाठी वेगळी यादी ठेवतात का, शनिवार-रविवारी फोन कोण उचलतं, हे पहिल्याच फोनवर विचारा.

घाई कशासाठी, ते नीट समजून घेतलेलं बरं. सगळी केमो सारखी नसते. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन, मेल्फॅलान, बुसल्फान ही अल्किलेटिंग गटातली, म्हणजे पेशींच्या डीएनएवर थेट घाव घालणारी औषधं बीजपेशींना सगळ्यात जास्त मारक. त्यांचा एकूण डोस जितका मोठा, तितकं नुकसान मोठं. वेगवेगळ्या औषधांचे डोस एका मापात आणायला 'सायक्लोफॉस्फामाइड-समतुल्य डोस' काढतात. शरीराच्या दर चौरस मीटरला ४,००० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की मुलग्यांमध्ये शुक्राणू कमी होण्याचा धोका वाढत जातो. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचंच बघा. एबीव्हीडी या औषधजोडणीत धोका कमी, तर वाढीव डोसाच्या बीकॉपमध्ये बराच जास्त. आजाराचं नाव एकच असतं आणि सल्ला साफ बदलतो. रेडिएशनचं गणित आणखी कडक आहे. अंडाशयातली निम्मी बीजं संपायला २ ग्रेपेक्षा (ग्रे हे रेडिएशनच्या डोसाचं माप) कमी डोस पुरतो. वृषणावर ४ ते ६ ग्रेच्या पुढे गेलं तर शुक्राणू कायमचे थांबू शकतात. बोनमॅरो ट्रान्सप्लांटआधीची जोरदार केमो किंवा सर्वांगाला दिलेलं रेडिएशन सगळ्यात वरच्या पायरीवर. चांगलं केंद्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांकडून औषधांची नावं आणि डोस मागवून घेतं आणि मगच धोका सांगतं. नुसतं 'केमो आहे ना, मग गोठवा' म्हणणाऱ्यांचा सल्ला अर्धवट समजा.

आता शुक्राणू. सगळ्या पर्यायांत सोपा, स्वस्त आणि जुना हाच. गोठवलेल्या शुक्राणूंपासून पहिले जन्म १९५३ साली झाले, म्हणजे तंत्राला सत्तर वर्षं उलटून गेली. तरीही सगळ्यात जास्त वेळा हुकतो तोही हाच, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. एका सकाळीत उरकणारं काम आहे हे.

रीत अशी. दोन ते तीन दिवस वीर्यस्खलन टाळायचं, मग केंद्रातच नमुना द्यायचा. वेळ असेल तर एक-दोन दिवसांच्या अंतराने दुसरा, तिसरा. उद्याच केमो असेल तर अंतर पाळत बसू नका. आहे तसा नमुना द्या, हवं तर एकाच दिवशी दोन. घरून आणायचा असेल तर तासाभरात पोचायला हवा, आणि डबी अंगाशी, आतल्या खिशात ठेवून, म्हणजे ती गार पडत नाही. थुंकी, तेल, नेहमीचं वंगण यांतलं काहीही वापरायचं नाही, शुक्राणू त्याने मरतात. साध्या कंडोममध्येही नमुना घ्यायचा नाही. वीर्याच्या पहिल्या थेंबांमध्ये शुक्राणू सगळ्यात दाट असतात. तोच भाग सांडला असेल तर लाजून गप्प बसू नका, सांगा. प्रयोगशाळेला आकडा कमी का आला याचा उलगडा होतो आणि दुसरा नमुना मागता येतो.

नमुन्याच्या खोलीवरून केंद्र कळतं. आतून नीट लागणारी कडी, बाहेर रांग नाही, दारावर कोणी टकटक करणार नाही, हात धुवायला बेसिन, आणि डबी ठेवायला भिंतीत दोन्हीकडून उघडणारी खिडकी. सतरा वर्षांच्या मुलाला गजबजलेल्या व्हरांड्यातून हातात डबी घेऊन चालत जायला लावणाऱ्या केंद्राला सेवेचा अर्थच कळलेला नाही. डबीवरची चिठ्ठीही बघा. नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक आणि वेळ हे सगळं डबीच्या अंगावर हवं. झाकणावर लिहिलेलं काही कामाचं नाही, कारण टेबलावर तीन डब्यांची झाकणं एकत्र निघाली की कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही.

पुढे प्रयोगशाळेत वीर्य अर्ध्या तासात पातळ होतं, मोजणी होते, मग ग्लिसरॉल असलेलं द्रावण थेंबाथेंबाने मिसळतात. एकदम ओतलं तर दाटपणातल्या फरकाच्या धक्क्याने पेशींना इजा होते. नमुना लहान नळ्यांत विभागून आधी नायट्रोजनच्या वाफेत आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. एक छोटा भाग वितळवून बघणं, म्हणजे चाचणी-वितळण, हे चांगल्या केंद्राचं लक्षण. गोठवून वितळवल्यावर हालचाल करणारे शुक्राणू साधारण निम्म्यावर येतात. त्याने घाबरायचं कारण नाही. वृषणाच्या कॅन्सरमध्ये आणि हॉजकिनमध्ये उपचाराआधीच संख्या कमी असणं नेहमीचं आहे. १९९२ पासून एका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सुईने सोडण्याची इक्सी पद्धत आहे, त्यामुळे मोजके जिवंत शुक्राणूही पुरतात. 'आकडा कमी आहे, ठेवून काय करणार' असं कोणी म्हणालं तर दुसरीकडे विचारा.

नियम एकच, पण पक्का : नमुना केमोच्या पहिल्या डोसाच्या आधी. वृषण काढायचं असेल तर शक्यतो त्या ऑपरेशनच्याही आधी. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणजे डोसानंतर आठवड्याभराने बाहेर आलेले शुक्राणू औषध अंगावर घेऊन आलेले असतात आणि त्यांच्या डीएनएत बिघाड असू शकतो. वयात येत असलेल्या मुलांना, साधारण बारा-तेराव्या वर्षापासून, नमुना देणं बऱ्याचदा जमतं. अशा मुलाशी आईवडिलांना बाहेर बसवून बोलावं लागतं, आणि हे काम नर्सने किंवा डॉक्टरांनी करायचं असतं. ते वडिलांवर ढकलू नये. जमलं नाही तर कंपन देणारं साधन, भूल देऊन विजेच्या हलक्या झटक्याने नमुना घेणं, किंवा वृषणातून थेट ऊतक काढून त्यात शुक्राणू शोधणं, हे मार्ग आहेत. केंद्राकडे यांतलं निदान एक तरी असायला हवं.

वयातच न आलेल्या मुलग्यांसाठी वृषणाचा छोटा तुकडा गोठवतात, पण हे अजून प्रायोगिकच आहे. २०१९ मध्ये अशा गोठवलेल्या तुकड्यापासून माकडाचं पिल्लू जन्मलं. माणसात खात्री देण्याजोगं हाताशी काही नाही. संशोधनाच्या रीतसर परवानगीखाली चालत असेल तर विचार जरूर करावा. छापील दरपत्रकात इतर सेवांच्या ओळीत मांडलं असेल तर सावध राहावं.

स्त्रीबीजं गोठवणं हे वेळखाऊ काम. पूर्वी पाळी येईपर्यंत थांबायचे आणि त्यात महिना जायचा. आता 'कुठल्याही दिवशी सुरुवात' ही पद्धत रुळली आहे : पाळीचा दिवस कोणताही असो, आजच इंजेक्शन सुरू. दहा ते चौदा दिवसांत काम होतं. अजूनही 'पाळी आली की या' सांगणाऱ्या केंद्राला कॅन्सरच्या पेशंटचा सराव नाही, असंच धरून चाला.

रोज पोटाच्या कातडीखाली अंडाशयातली बीजं वाढवणाऱ्या एफएसएच हार्मोनचं इंजेक्शन, साधारण १५० ते ३०० युनिट, वय आणि एएमएच (अंडाशयात किती बीजं उरली आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) यांच्या आकड्यानुसार. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. बीजं आपोआप फुटून निघून जाऊ नयेत म्हणून पाचव्या-सहाव्या दिवसापासून दुसरं इंजेक्शन. पुढचे कूप, म्हणजे बीजं ज्यांत वाढतात त्या पिशव्या, १७-१८ मिलिमीटरचे झाले की बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर ३५-३६ तासांनी हलक्या गुंगीत सुईने बीजं काढणं. या शेवटच्या इंजेक्शनची वेळ मिनिटाला धरून पाळायची असते. रात्री साडेदहाऐवजी साडेआठला घेतलं गेलं तर काढायच्या आधीच बीजं सुटू शकतात. उशिरा घेतलं आणि कळवलं नाही तर ती कच्ची निघतात. चांगलं केंद्र वेळ कागदावर लिहून देतं आणि इंजेक्शन झाल्यावर फोन करायला सांगतं.

कॅन्सरच्या पेशंटमध्ये तीन गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात, आणि सामान्य वंध्यत्व केंद्रं नेमकी इथे कमी पडतात. एक, हार्मोनला प्रतिसाद देणारा स्तनाचा कॅन्सर असेल तर इंजेक्शनांबरोबर रोज ५ मिलिग्रॅम लेट्रोझोल द्यायचं, म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन फार चढत नाही. बीजं काढल्यावरही पातळी खाली येईपर्यंत ते चालू ठेवायचं. दोन, अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याची भीती. असं झालं तर केमो पुढे ढकलावी लागते. ती टाळायला शेवटचं इंजेक्शन नेहमीच्या एचसीजी हार्मोनऐवजी दुसऱ्या प्रकारच्या, जीएनआरएच अ‍ॅगोनिस्टचं द्यायचं. तीन, रक्त. कॅन्सर आणि चढलेलं इस्ट्रोजेन मिळून गुठळीचा धोका वाढतो, तेव्हा काहींना रक्त पातळ ठेवणारं हेपारिन लागतं आणि ते बीजं काढण्याआधी वेळेवर थांबवावं लागतं. उलट बाजूने, ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर सुई घालणं जोखमीचं. छातीत मोठी गाठ असलेल्या लिम्फोमाच्या पेशंटला भूल देणंसुद्धा धोक्याचं असू शकतं. म्हणून बीजं काढण्याआधी भूलतज्ज्ञाने स्कॅन पाहिलेला असायला हवा. सगळं सुरळीत गेलं तर दोन-तीन दिवसांत केमो सुरू करता येते.

अविवाहित मुलींच्या घरात एक भीती न बोलता वावरत असते : योनीमार्गे सोनोग्राफी. पोटावरून सोनोग्राफी करता येते, आणि काही वेळा बीजंही पोटातून काढता येतात. हे केंद्राने आपणहून सांगायला हवं, मुलीला विचारायला लावू नये.

काढलेल्या बीजांपैकी फक्त पिकलेलीच गोठवतात. बारा निघाली आणि नऊ पिकलेली असली तर हिशोब नऊचा. आज वापरतात ते व्हिट्रिफिकेशन, म्हणजे इतक्या झपाट्याने गोठवणं की पाण्याचे स्फटिक बनायला सवडच मिळत नाही. जवळून बघितलं तर काम नाजूक आहे. केसाएवढ्या पातळ पट्टीच्या टोकावर एका थेंबाचाही बारीक अंश इतकं द्रव, त्यात एक-दोन बीजं. दाट द्रावणात बीज मिनिटभराच्या आत हाताळून थेट नायट्रोजनमध्ये बुडवायचं. जास्त वेळ राहिलं तर द्रावणाचं विष बाधतं, घाई झाली तर पाणी आतच राहतं. सगळी मदार हात बसलेल्या भ्रूणतज्ज्ञावर. अमेरिकेतल्या प्रजनन वैद्यकाच्या संघटनेने २०१२ मध्ये या तंत्रावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. मुरलेल्या प्रयोगशाळेत दहातली आठ-नऊ बीजं वितळवल्यावर जिवंत राहतात. तुमच्या केंद्राचा स्वतःचा आकडा विचारा. 'जगभरात नव्वद टक्के' हे उत्तर चालणार नाही. 'गेल्या वर्षी आम्ही इतकी वितळवली, इतकी जगली' असं उत्तर हवं. आणि एक बीज म्हणजे एक बाळ नव्हे. पस्तिशीच्या आतल्या बाईची दहा-पंधरा पिकलेली बीजं ही चांगली शिदोरी. चार-पाच असतील तर आशा आहे, खात्री नाही. हे स्पष्ट न सांगणाऱ्या समुपदेशकावर आमचा विश्वास बसत नाही.

भ्रूण गोठवायचा की बीज? जोडीदार पक्का असला तरी आमचा कल बीजाकडे. भ्रूणावर दोघांचा हक्क असतो. नातं तुटलं तर एकाच्या नकाराने तो कायमचा अडकू शकतो. दोन्ही थोडं थोडं ठेवणं हाही शहाणपणाचा मार्ग.

दोन आठवडेही नसतील, किंवा मुलगी अजून वयातच आलेली नसेल, तेव्हा अंडाशयाच्या तुकड्याचा पर्याय. दुर्बिणीतून एक अंडाशय किंवा त्याचा भाग काढतात, आतला मऊ गर खरवडतात आणि बाहेरच्या सालीचे एक-दीड मिलिमीटर जाडीचे पट्टे करतात, कारण कोवळी बीजं त्या सालीतच असतात. सर्जनने काढताना जाळणारं उपकरण सालीजवळ नेऊ नये, नाहीतर तिथली बीजं करपतात. पट्टे हळूहळू गार करत नेतात, काही टप्प्यांत मिनिटाला ०.३ अंशाने. तुमच्या रुग्णालयात सोय नसली तरी अंडाशय बर्फात, गोठू न देता, दुसऱ्या केंद्रात पाठवता येतं. डेन्मार्क आणि जर्मनीत वर्षानुवर्षं अशी व्यवस्था चालते. परत बसवलेल्या तुकड्यापासून पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. आता अशी बाळं २०० च्या वर आहेत. परत बसवल्यावर तीन ते सहा महिन्यांत हार्मोन सुरू होतात. पण रक्तपुरवठा जुळेपर्यंत बरीच बीजं मरतात, म्हणून बीजांचा मर्यादित साठा असलेल्या पस्तिशीनंतरच्या बाईला हा पर्याय सहसा देत नाहीत. मोठा धोका ल्युकेमियात : तुकड्यात कॅन्सरच्या पेशी लपलेल्या असू शकतात आणि तो परत बसवला तर आजारही परत येऊ शकतो. हे सांगितल्याशिवाय सही घेणं अक्षम्य.

महिन्याला एक इंजेक्शन घेऊन अंडाशय 'झोपवण्याचा' मार्गही सुचवला जातो, गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी, पहिलं केमोच्या निदान आठवडाभर आधी. स्तनाच्या कॅन्सरमध्ये २०१५ च्या पोएम्स चाचणीत फायदा दिसला. जोडीला द्यावं, गोठवण्याऐवजी नको. पुरुषांत त्याचा उपयोग नाही. ओटीपोटात रेडिएशन असेल तर अंडाशय वर सरकवून टाचतात. गर्भाशय मात्र हलवता येत नाही आणि गोठवताही येत नाही, त्यावर मोठा डोस पडणार असेल तर पुढे गर्भ कोण वाढवणार हे आजच बोलायला हवं.

साठवणीच्या खोलीत नेऊन दाखवा म्हणा. टाकीत नायट्रोजनची पातळी रोज मोजून लिहितात का, अलार्म रात्री कुणाच्या फोनवर वाजतो, तो शेवटचा कधी वाजवून पाहिला, हे विचारा. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड आणि सान फ्रान्सिस्को इथल्या दोन केंद्रांच्या टाक्या एकाच सुट्टीच्या दिवसांत बिघडल्या. क्लीव्हलँडमध्ये ४,००० हून जास्त बीजं आणि भ्रूण गेले, आणि तिथली दूरवर सूचना देणारी यंत्रणा बंद होती. म्हणून आपला साठा दोन वेगळ्या टाक्यांत विभागून मागा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसची तपासणी गोठवण्याआधी व्हायला हवी. त्याचा निकाल न लागलेले नमुने वेगळे ठेवायचे असतात.

मग कागद. पेशंटचा मृत्यू झाला तर साठ्याचं काय, जोडीदाराला वापरता येईल का, नष्ट करायचा का, संशोधनाला द्यायचा का, हे त्याच्या हातून आधीच लिहून घ्यावं. अल्पवयीन असेल तर सही आईवडिलांची, पण मुलाला विचारून, आणि सज्ञान झाल्यावर हक्क आपोआप त्याच्याकडे जातो हे करारात हवं. साठवणीची कायदेशीर मुदत देशागणिक वेगळी. आपल्याकडची किती आणि मुदतवाढीचा अर्ज कोण करतं, ते लिहून मागा.

उपचार संपल्यावर पाळी परत आली म्हणजे सगळं पूर्ववत झालं, असं धरू नका. अंडाशयातल्या बीजांचा साठा कमी होऊनही पाळी काही वर्षं चालू राहते. एएमएच दर वर्षी तपासा. पाळी बंद असतानाही गर्भ राहू शकतो, म्हणून उपचारांच्या काळात गर्भनिरोधक लागतंच. पुरुषांनी केमोनंतर निदान वर्षभर थांबून मग वीर्य तपासावं. काहींचे शुक्राणू दोन-तीन वर्षांनीही परत येतात.

साठा हरवण्याचं एक कारण टाकीशी संबंधित नसतं. नोंदणीवर वडिलांचा मोबाइल असतो, मुलगा सोळा वर्षांचा असतो, आठ वर्षांनी तो दुसऱ्या गावात, नंबर बदललेला, आणि नूतनीकरणाची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात. दोन वेगळे नंबर, एक ईमेल आणि घराबाहेरच्या एका नातेवाइकाचं नाव द्या. पावतीचा फोटो पेशंटच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, आणि साठवणीचा क्रमांक कॅन्सरच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून घ्या.